‘सीसी आला आहे’ म्हणजे नेमकं काय आलं? कमेन्समेंट, कम्प्लिशन आणि कन्व्हेयन्सचा गोंधळ समजून घ्या

समजा, खांदा कॉलनीत भाड्याने राहणारं एक कुटुंब आहे. खांदेश्वर स्टेशन जवळ, मुलांची शाळा जवळ, त्यामुळे स्वतःचं घरही याच भागात हवंय. अटल सेतू झाला, विमानतळ आला, तसा मोबाइलवर घरांच्या जाहिरातींचा नुसता पाऊस पडतोय. त्यातल्याच एका मेसेजमध्ये लिहिलंय, ‘सीसी रिसीव्ह्ड! बुकिंग सुरू!’

घरातला मोठा मुलगा म्हणतो, “सीसी म्हणजे कम्प्लिशन सर्टिफिकेट. काम पूर्ण झालंय, चावी घ्यायची आणि राहायला जायचं.” वडील म्हणतात, “अरे, परवा तिथूनच आलो मी. साइटवर अजून खड्डाच आहे.”

मेसेज खोटा असेलच असं नाही. मेसेजमधला सीसी हा कमेन्समेंट सर्टिफिकेट असू शकतो. म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी. एक सीसी कामाच्या पहिल्या टोकाला मिळतो, दुसरा शेवटच्या टोकाला. मधे तीन-चार वर्षं सहज जातात, आणि त्या काळात घरभाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही चालू असतं. आद्याक्षरं मात्र दोघांची तीच.

घर, जमीन आणि सोसायटीच्या कागदांमध्ये असे शब्द ढिगाने आहेत. कमेन्समेंट, कम्प्लिशन, कन्व्हेयन्स, कन्व्हर्जन, कन्सेंट, कॉमन, को-ऑपरेटिव्ह, कॉर्पस. सगळ्यांची सुरुवात सारखी, अर्थ मात्र पूर्ण वेगळे. हे शब्द एकसारखे का सुरू होतात आणि त्यांच्यातला फरक कसा लक्षात ठेवायचा, ते पाहूया.

एक सीसी, दोन कागद

रेरा कायद्यात, म्हणजे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात, या दोन्ही शब्दांच्या व्याख्या वेगवेगळ्या दिलेल्या आहेत.

कमेन्समेंट सर्टिफिकेट म्हणजे मंजूर नकाशानुसार काम सुरू करायला प्राधिकरणाने दिलेली परवानगी. मराठीत त्याला ‘बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र’ म्हणतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार ही परवानगी आधी एका वर्षासाठी असते आणि नंतर मुदत वाढवून घ्यावी लागते. त्यामुळे कागद आहे का हे बघताना त्यावरची तारीखही बघायची.

आणखी एक बारकावा. अनेक ठिकाणी ही परवानगी टप्प्याटप्प्याने मिळते. आधी जोत्यापर्यंत, मग ठरावीक मजल्यापर्यंत. जाहिरातीत इमारत पंधरा मजल्यांची आणि सीसी सातव्या मजल्यापर्यंतच, असं असू शकतं. अशा वेळी बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट बुक करणारा माणूस अजून परवानगीच न मिळालेल्या मजल्यासाठी पैसे भरत असतो.

कम्प्लिशन सर्टिफिकेट म्हणजे प्रकल्प मंजूर नकाशा आणि ठरलेल्या तपशिलानुसार पूर्ण झाल्याचा दाखला. मराठीत ‘बांधकाम पूर्णत्व प्रमाणपत्र’.

या दोघांच्या जोडीला तिसरा कागद येतो, ओसी. ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, मराठीत ‘भोगवटा प्रमाणपत्र’. इमारतीत राहायला जायची परवानगी ती हीच. पाणी, सांडपाणी, वीज अशा सोयी असलेल्या इमारतीत राहायला हरकत नाही, असं प्राधिकरण या कागदातून सांगतं. राहायला जाणाऱ्या माणसासाठी सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच.

आता मराठी नावं एका ओळीत वाचा: प्रारंभ, पूर्णत्व, भोगवटा. गोंधळाला जागाच राहत नाही. गोंधळ होतो तो इंग्रजी नावांची पहिली अक्षरं उचलल्यावर.

‘कॉम’ आणि ‘कॉन’ आले कुठून?

इंग्रजीत हजारो शब्द लॅटिनमधून आले आहेत, काही थेट, काही फ्रेंचमार्गे. लॅटिनमध्ये ‘कुम’ असा शब्द होता. अर्थ ‘सह’, ‘सोबत’. तो दुसऱ्या शब्दाच्या आधी जोडला की त्याचा ‘कॉम’ व्हायचा.

पण पुढचं अक्षर बदललं की उच्चारही बदलायचा. पुढे प, ब किंवा म असेल तर ‘कॉम’. पुढे ल आला तर ‘कॉल’, र आला तर ‘कॉर’, स्वर आला तर नुसता ‘को’. बाकी बहुतेक ठिकाणी ‘कॉन’. म्हणजे कम्प्लीट, कन्सेंट, कलेक्टर, करेक्ट आणि को-ऑपरेटिव्ह या सगळ्यांच्या सुरुवातीला मुळात एकच उपसर्ग आहे.

मराठी माणसाला हे नवीन नाही. आपल्याकडे संस्कृतातून आलेला ‘सम्’ हेच काम करतो. संपूर्ण, संमती, संयोग, संवाद. सगळीकडे लिहिताना अनुस्वारच, पण ‘संपूर्ण’ म्हणताना ओठ मिटतात आणि ‘संताप’ म्हणताना जीभ दातांना लागते. पुढच्या अक्षराप्रमाणे उच्चार आपोआप वळतो. लॅटिनचा ‘कॉम’ आणि संस्कृतचा ‘सम्’ यांचं मूळ एक नाही, पण दोघांची वागणूक बरीच सारखी आहे.

दोघांमध्ये आणखी एक साम्य आहे. ‘सम्’ कधी ‘एकत्र’ हा अर्थ देतो, जसं संमेलन. तर कधी नुसता जोर देतो, जसं संपूर्ण, म्हणजे अगदी पूर्ण. ‘कॉम’चंही तसंच. त्यामुळे पहिली अक्षरं ओळखीची वाटली तरी शब्दाचा अर्थ मागच्या भागातच असतो.

तो मागचा भाग उघडून बघूया.

कमेन्समेंट आणि कम्प्लिशन

कमेन्स या शब्दाच्या आत ‘इनिशियम’ हा लॅटिन शब्द लपलेला आहे. अर्थ ‘सुरुवात’. इनिशियल हा शब्द त्याच कुटुंबातला. आपण सही करताना नावाची इनिशियल्स टाकतो, म्हणजे सुरुवातीची अक्षरं. कमेन्समेंटमध्ये इनिशियल दडलंय एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

कम्प्लीटच्या आत ‘प्लेरे’ हे क्रियापद आहे. अर्थ ‘भरणे’. कम्प्लीट म्हणजे काठोकाठ भरलेलं. सप्लाय हा शब्दही याच मुळापासून आला, कमी पडलेलं भरून काढणं या अर्थाने.

म्हणजे एका सीसीच्या पोटात सुरुवात आहे आणि दुसऱ्याच्या पोटात पूर्णता.

कन्व्हेयन्स आणि कन्व्हर्जन

पगाराच्या स्लिपवर कन्व्हेयन्स अलाउन्स असतो, म्हणजे प्रवासभत्ता. सोसायटीच्या सभेत कन्व्हेयन्सवर भांडणं होतात, तिथे प्रवासाचा विषयच नसतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कसे?

कन्व्हेच्या आत ‘विया’ आहे. लॅटिनमध्ये विया म्हणजे रस्ता. कन्व्हे म्हणजे रस्त्याने सोबत करणं, पोचवणं. माणूस घरातून ऑफिसला पोचवला तर प्रवास. जमिनीचा हक्क बिल्डरकडून सोसायटीकडे पोचवला तर मालकीचं हस्तांतरण. मराठीत त्याला ‘अभिहस्तांतरण’ म्हणतात.

हा कागद ओसीनंतरचा, आणि बहुतेक सोसायट्यांमध्ये विसरला जाणारा. फ्लॅटचा करारनामा नोंदवला म्हणजे सगळं आपलं झालं असं वाटतं. प्रत्यक्षात इमारतीखालची जमीन कागदोपत्री जुन्याच मालकाच्या नावावर राहू शकते. पुढे पुनर्विकासाची वेळ आली की हा प्रश्न दारात उभा राहतो. १९६३ च्या मोफा कायद्याखालच्या नियमांनुसार, करारात वेगळी मुदत ठरलेली नसेल तर संस्था नोंदवल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने अभिहस्तांतरण करून द्यायचं असतं. ते होत नाही म्हणून २००८ च्या दुरुस्तीने ‘मानीव अभिहस्तांतरण’, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, हा मार्ग दिला. बिल्डरने सही केली नाही तरी संस्था जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून हक्क मिळवू शकते.

खांदा कॉलनीसारख्या सिडकोच्या वसाहतींमध्ये एक फरक लक्षात ठेवायला हवा. सिडको आपले भूखंड भाडेपट्ट्याने देते. त्यामुळे अशा भूखंडावरच्या संस्थेकडे जो हक्क येतो तो भाडेपट्ट्याचा असतो. म्हणून इथल्या सोसायटीत ‘कन्व्हेयन्स झालंय का’ विचारताना ‘लीज डीड कोणाच्या नावावर आहे’ हेही विचारावं लागतं.

आता कन्व्हर्जन. पनवेलच्या आजूबाजूला प्लॉट विकणाऱ्या जाहिरातींत ‘एनए कन्व्हर्जन झालेलं’ असं लिहिलेलं असतं. कन्व्हर्टच्या आत ‘व्हर्टेरे’ आहे, म्हणजे वळवणे, फिरवणे. शेतजमीन बिगरशेती वापराकडे वळवली, एवढाच त्याचा अर्थ. कन्व्हर्जनने जमिनीचा वापर बदलतो, कन्व्हेयन्सने जमिनीचा मालक बदलतो. कन्व्हर्जन झालेल्या जमिनीवरही विकणाऱ्याचं नाव सातबाऱ्यात आहे का, तिथे बांधकामाची परवानगी मिळाली आहे का, हे प्रश्न तसेच उभे असतात.

कन्सेंट, कॉमन आणि को-ऑपरेटिव्ह

कन्सेंटच्या आत ‘सेंटिरे’ आहे. अर्थ ‘वाटणे’, ‘जाणवणे’. दोघांना सारखंच वाटलं की झाला कन्सेंट. मराठीतला संमती हा शब्दही असाच बनलाय, सम् आणि मती. राज्य सरकारच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासासाठी एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्के लोकांची संमती लागते. म्हणूनच कन्सेंट लेटरवर सही करताना संमती कशाला देतोय ते वाचायचं. सल्लागार नेमायला, बिल्डर निवडायला की घर रिकामं करायला? तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

कॉमन म्हणजे सगळ्यांच्या वाट्याचं. जिना, गच्ची, पॅसेज. को-ऑपरेटिव्ह म्हणजे एकत्र काम करणारे. ऑपरेट हा शब्द लॅटिनमधल्या ‘काम’ या अर्थाच्या शब्दावरून आला. मराठीत त्याचा थेट जोडीदार आहे, सहकारी.

दिसायला सारखे, पण कुटुंबाबाहेरचे

इथे खरी फसगत आहे. सगळेच ‘कॉ’ने सुरू होणारे शब्द या कुटुंबातले नाहीत. आपल्याकडे संवादातला ‘सं’ उपसर्ग आहे, पण संतमधला नाही. आणि संडेमधला तर नाहीच नाही!

कॉर्पस फंडमधला कॉर्पस घ्या. त्याचा कॉम-कॉनशी काही संबंध नाही. लॅटिनमध्ये कॉर्पस म्हणजे शरीर. कॉर्पस फंड म्हणजे पैशाचं मूळ शरीर, ज्याला हात न लावता व्याजावर खर्च चालवायचा. कॉर्पोरेशन हा शब्दही तिथूनच आला, अनेक माणसांचं मिळून कायद्याने मानलेलं एक शरीर. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महापालिका अस्तित्वात आली तेव्हा असंच एक शरीर तयार झालं. ते करार करू शकतं, कोर्टात जाऊ शकतं, परवानगी देऊ शकतं.

आणि कॉलनी? ‘कॉल’ने सुरू होते म्हणून कलेक्टरच्या ओळीत बसवावीशी वाटते. पण तिचं मूळ ‘कोलेरे’, म्हणजे जमीन कसणे. ‘कोलोनस’ म्हणजे शेतकरी आणि ‘कोलोनिया’ म्हणजे रोमन लोकांनी नव्या मुलखात वसवलेली वस्ती. जर्मनीतल्या कोलोन शहराचं नाव त्याच शब्दावरून आलं. अ‍ॅग्रिकल्चरमधलं कल्चरही त्याच मुळाचं.

हे समजल्यावर खांदा कॉलनी या नावाकडे वेगळ्या नजरेने बघता येतं. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या गावांच्या जमिनी संपादित झाल्या. जिथे शेतकरी जमीन कसत होते तिथे सेक्टर आणि कॉलन्या उभ्या राहिल्या. ज्या शब्दाच्या मुळाशी शेती आहे, त्याचा आजचा अर्थ मात्र इमारतींची वसाहत.

चुकीचा कागद धरला तर काय होतं?

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. ओसी न मिळालेल्या इमारतीत राहायला गेल्यावर काय होतं, याचं ठळक उदाहरण मुंबईतल्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेचं आहे. तिथले रहिवासी १९९७ मध्ये राहायला गेले. भोगवटा प्रमाणपत्र मात्र मिळालं नाही. परिणामी त्यांना मालमत्ता कर २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के जास्त भरावी लागत होती. प्रकरण राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडून सर्वोच्च न्यायालयात गेलं. ११ जानेवारी २०२२ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की भोगवटा प्रमाणपत्र न मिळवून देणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि ही चूक एकदाच होऊन संपलेली नाही, ती चालूच आहे. राहायला गेल्यापासून या निकालापर्यंत जवळपास २५ वर्षं गेली होती.

दुसरं प्रकरण कल्याण-डोंबिवलीचं. तिथल्या ६५ इमारतींसाठी बांधकाम परवानगीचे बनावट कागद वापरून महारेराची नोंदणी घेतल्याचं समोर आलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचे आदेश दिले. आयुष्यभराची कमाई घालून घर घेतलेल्या कुटुंबांच्या डोक्यावर टांगती तलवार आली. इथे कागदावरचं नाव बरोबर होतं, कागदच खोटा होता. म्हणजे शब्द नीट वाचणं ही पहिली पायरी. तो कागद ज्या कार्यालयाच्या नावाने आहे, तिथे जाऊन खात्री करणं ही दुसरी.

पनवेल परिसरात ही दुसरी पायरी जास्तच महत्त्वाची, कारण इथे परवानगी देणारी कार्यालयं एकापेक्षा जास्त आहेत. पनवेल महापालिका आहे, सिडको आहे आणि विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रासाठी सिडको विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून काम बघते. प्रमाणपत्राच्या डोक्यावर कोणाचं नाव आहे आणि तो सर्व्हे नंबर किंवा भूखंड खरंच त्यांच्या हद्दीत येतो का, हे तपासायला हवं.

जाता जाता, ‘प्री’सुद्धा

‘प्री’ने सुरू होणारे शब्दही असेच चकवतात. प्री म्हणजे ‘आधी’. प्री-लाँच म्हणजे लाँचच्या आधी. ऐकायला ही संधी वाटते, पण रेरा कायद्याच्या कलम ३ नुसार नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पाची नोंदणीआधी जाहिरात, बुकिंग किंवा विक्री करता येत नाही. प्री-लाँच म्हणत कोणी पैसे मागितले तर पहिला प्रश्न महारेरा नोंदणी क्रमांकाचा.

प्री-अप्रूव्ह्ड लोनचंही तसंच. बँकेने प्राथमिक माहितीवरून ‘तुम्हाला कर्ज मिळू शकतं’ असं सांगितलेलं असतं. कागदपत्रं आणि घराची तपासणी अजून बाकी असते. तेवढ्यावर टोकन देऊन मोकळं होणं धोक्याचं.

मग करायचं काय?

एक, कोणी ‘सीसी आहे’ म्हटलं की ‘कोणता?’ असं विचारा आणि मराठी नाव वदवून घ्या. प्रारंभ की पूर्णत्व?

दोन, प्रारंभ प्रमाणपत्र असेल तर त्यावरची तारीख बघा आणि परवानगी कितव्या मजल्यापर्यंत आहे ते वाचा.

तीन, महारेराच्या वेबसाइटवर प्रकल्पाचं पान उघडा. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड देणं बंधनकारक आहे, तो स्कॅन केला की ते पान मिळतं. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे छोटे प्रकल्प या नोंदणीतून वगळलेले आहेत. तिथे थेट प्राधिकरणाकडेच चौकशी करावी लागते.

चार, करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागितली तर थांबा. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार ते चालत नाही.

पाच, चावी घेण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र मागा. ‘पार्ट ओसी’ असेल तर त्यात आपला मजला किंवा आपली विंग आहे का ते बघा.

सहा, सोसायटी नोंदवून झाली की अभिहस्तांतरणाचा किंवा लीज डीडचा विषय पहिल्याच सर्वसाधारण सभेत घ्या. पुनर्विकासाच्या वेळी आठवण आली तर उशीर झालेला असतो.

आणि त्या मेसेजचं काय? घरातल्या ग्रुपवर तो पुन्हा आला तर उत्तर द्यायला एक ओळ पुरे: ‘प्रारंभाचा सीसी की पूर्णत्वाचा? फोटो पाठवा.’